स्वतःचा फॉरमॅट सोडून सर्वमान्य मानकाकडे जाताना: ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांना आणि त्यात हातभार लावणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतं आहेत आणि ती ठाम आहेत. कोड सगळ्यांसाठी खुला असतो, पण त्या कोडने लिहिलेली फाईल दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला उघडता येत नाही, ही अवस्था मला खटकते.

'स्वतःचा फॉरमॅट' म्हणजे काय? आमची तर साधी टेक्स्ट फाईल आहे.

टेक्स्ट फाईल म्हणजे मानक फॉरमॅट नव्हे. फाईल कशी वाचायची हे फक्त तुमच्या पार्सरच्या (फाईल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या भागाच्या) कोडला ठाऊक असेल, तर तो स्वतःचाच फॉरमॅट. समजा, एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची फाईल अशी आहे:

०३/०४/०५~पुस्तक खरेदी~१,२०,०००

लिहिणाऱ्याला यात काही संदिग्ध वाटत नाही. पण हा ३ एप्रिल, ४ मार्च की २००३ सालचा एप्रिल? उद्या कुणी तपशिलातच '~' टाइप केलं तर? ही फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी टेक्स्ट फाईल) करायला गेलं की एक लाख वीस हजारांचे स्वल्पविराम तीन रकाने पाडणार. आणि अंक देवनागरी आहेत. पायथॉनच्या 'इंट' फंक्शनला '१२' ही स्ट्रिंग दिली तर ते बिनतक्रार बारा देतं, जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला तीच दिली तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', असं मिळतं. म्हणजे फाईल एकच, पण दोन भाषांमधले दोन प्रोग्रॅम ती दोन तऱ्हांनी वाचणार, आणि चूक कुणाची हे ठरवायला लेखी नियम नाही. मानक म्हणजे हा लेखी नियम.

मग देवनागरी अंक वापरायचेच नाहीत का?

पडद्यावर जरूर वापरा, मराठी माणसाला ते दिसायलाच हवेत. फाईलमध्ये मात्र जेसनचा (प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या प्रचलित टेक्स्ट फॉरमॅटचा) आकडा जेसनच्या व्याकरणाप्रमाणे लिहा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आरएफसी ३३३९ सांगतं तशी. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांक दिलेली कागदपत्रं.) दाखवणं लोकॅलचं (भाषा-प्रदेशानुसारच्या सेटिंगचं) काम, साठवणं मानकाचं. मराठी लोकॅल लावल्यावर प्रोग्रॅम बिघडतो अशा तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हीच गल्लत सापडते: पडद्यासाठी सजवलेला आकडा तसाच फाईलमध्ये जातो आणि पुढच्या वेळी वाचता येत नाही.

चाललंय ना व्यवस्थित? मग बदलायचं कशाला?

तुमच्या बाजूने चाललंय. वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याने पाच वर्षं त्या प्रोग्रॅममध्ये काम साठवलं. उद्या तुम्ही प्रकल्प सोडलात, किंवा त्याला दुसरं साधन जास्त सोयीचं वाटलं, तर ते काम त्याने कसं न्यायचं? 'कोड वाचा आणि स्वतः पार्सर लिहा' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलं, तरी शाळेतल्या शिक्षिकेला किंवा छोट्या दुकानदाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. फाईलमधला मजकूर त्यांचा आहे. तो बाहेर काढायची वाट आपण ठेवायलाच हवी.

या बाबतीत ऑफिस सॉफ्टवेअरचा इतिहास बघण्यासारखा आहे. स्टारऑफिस ही मूळची जर्मन कंपनीची निर्मिती. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि २००० मध्ये तिचा कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. आधीच्या बायनरी फाईलींच्या जागी झिपमध्ये गुंडाळलेलं एक्सएमएल (टॅगच्या खुणांमध्ये माहिती लिहायची टेक्स्ट पद्धत) आलं. वाचायला सोपं, पण तरी एकाच प्रोग्रॅमचं. त्याच काळात केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचा केऑफिस संचही एक्सएमएलच वापरत होता, फक्त त्याचं एक्सएमएल वेगळं होतं. दोन्ही प्रकल्प ओपन सोर्स, दोन्हींचा कोड सगळ्यांसमोर, आणि तरी एकाची फाईल दुसऱ्यात सरळ उघडत नव्हती.

२००२ च्या अखेरीस ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत यासाठी तांत्रिक समिती बसली. ओपनऑफिसचं एक्सएमएल हा पाया धरला गेला, केऑफिसची मंडळीही त्यात सामील झाली, आणि मे २००५ मध्ये ओपनडॉक्युमेंट फॉरमॅट म्हणजे ओडीएफ मंजूर झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिस २.० ने आणि एप्रिल २००६ मध्ये केऑफिस १.५ ने तो मूळ फॉरमॅट म्हणून स्वीकारला. पुढे २००६ मध्येच तो आयएसओ २६३०० झाला. मला यातलं केऑफिसचं पाऊल फार मोठं वाटतं. त्यांनी आपलं चालू असलेलं, स्वतः घडवलेलं एक्सएमएल बाजूला ठेवलं आणि ज्याचा पाया दुसऱ्या प्रकल्पातून आला होता ते स्वीकारलं. केऑफिस आज त्या नावाने उरलेला नाही, पण तेव्हा ओडीएफमध्ये साठवलेलं पत्र आज ओपनऑफिसमधूनच निघालेल्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतं.

मराठीशी याचा काही संबंध आहे का?

अगदी थेट. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं जागतिक मानक) रुळण्याआधी मराठी डीटीपीतला जवळजवळ प्रत्येक फॉन्ट हा स्वतःचा फॉरमॅट होता. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे, आणि कुठल्या जागी कोणता तुकडा हे प्रत्येक फॉन्टकर्ता आपापलं ठरवायचा. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी. त्या काळातले अंक, स्मरणिका, शोधनिबंध अजून कित्येकांच्या हार्ड डिस्कवर तसेच पडून आहेत आणि त्यात एक शब्दही शोधता येत नाही.

ते युनिकोडमध्ये आणायचं म्हणजे काय करावं लागतं, हे 'मार्मिक' या एका शब्दावरून दिसेल. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: म, काना, मग पहिली वेलांटी, मग म, त्यानंतर वरचा रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये ती उच्चारतो त्या क्रमाने येतात: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरने नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही. वेलांटी पुढच्या व्यंजनाच्या नंतर न्यावी लागते आणि रफार त्या व्यंजनाच्या आधी आणावा लागतो. जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून.

मानकाकडे आल्यावरही एक निवड उरते. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारा झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे, आणि नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एक रूप देणं) केल्यानेही एक होत नाहीत. युनिकोडची शिफारस पहिल्या तऱ्हेची आहे. दुसरी जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. कन्व्हर्टर लिहिताना एकच तऱ्हा निवडा, ती कागदपत्रात नोंदवा, आणि शोध घेताना दोन्ही जुळतील अशी सोय करा.

मानक निवडताना काय बघायचं?

पहिलं, त्याचं कागदपत्र कुणालाही वाचता येतं का. आयएसओ ८६०१ विकत घ्यावं लागतं, आरएफसी ३३३९ फुकट वाचता येतं. हौशी कॉन्ट्रिब्युटर असलेल्या प्रकल्पात याने खूप फरक पडतो. जे मानक वाचायला पैसे पडतात ते बहुतेक जण न वाचताच राबवतात.

दुसरं, पेटंट. जिफ या चित्रांच्या फॉरमॅटच्या आत वापरलेल्या एलझेडडब्ल्यू या कॉम्प्रेशनवर युनिसिसचं पेटंट होतं. १९९४ च्या शेवटी त्यासाठी परवाना मागायला सुरुवात झाल्यावर लोक लगेच कामाला लागले, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये जिफच्या जागी वापरायची पीएनजी ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस म्हणून बाहेर आली. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, त्यातही रॉयल्टी नसण्याची अट आहे. सरकारी कार्यालयासाठी काही बनवत असाल तर ते धोरण जरूर वाचा.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ते मानक एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन प्रोग्रॅमनी राबवलेलं आहे का? एकाच प्रोग्रॅमने राबवलेलं मानक हे त्या प्रोग्रॅमच्या सवयींचं वर्णन असण्याची शक्यता असते. दुसऱ्या कुणीतरी फक्त कागदपत्र वाचून फाईल उघडून दाखवली की त्या कागदपत्रावर विश्वास ठेवता येतो.

एक्सएमएल, जेसन, यामल, टॉमल, सीएसव्ही, एसक्यूलाईट: यातलं कोणतं?

हे माहिती मांडायचे नुसते सांगाडे आहेत हे आधी लक्षात घ्या. 'आम्ही जेसनवर गेलो' म्हणजे अर्धंच काम झालं. आत 'डीटी', 'अमाऊंट२', 'फ्लॅग' अशा तुमच्या मनच्या कीज (नोंदींची नावं) असतील, तर स्वतःचाच फॉरमॅट आता जेसनच्या वेष्टनात आला, एवढंच. आधी तुमच्या विषयाचं मानक शोधा. कॅलेंडर असेल तर आयकॅलेंडर, नकाशा असेल तर जिओजेसन, भाषांतर असेल तर गेटटेक्स्टची पीओ फाईल किंवा एक्सएलआयएफएफ, लायसन्सची माहिती असेल तर एसपीडीएक्स. काहीच नाही सापडलं तर सांगाडा निवडा.

माणसाने हाताने लिहायची सेटिंग्ज असतील तर टॉमल. यामल मी टाळतो. त्याच्या १.१ आवृत्तीत अवतरणाशिवाय लिहिलेला इंग्रजी 'नो' हा शब्द 'असत्य' असा वाचला जातो, आणि नॉर्वेचा देशसंकेत नेमका तोच आहे. प्रोग्रॅमने प्रोग्रॅमला द्यायची माहिती असेल तर जेसन, पण मोठे ओळखक्रमांक स्ट्रिंग म्हणून लिहा, कारण जावास्क्रिप्ट २ च्या ५३ व्या घातापलीकडचे पूर्णांक अचूक धरून ठेवत नाही. खूप मोठा, सतत बदलणारा डेटा असेल तर एसक्यूलाईट, म्हणजे एकाच फाईलीत राहणारा डेटाबेस. त्याच्या फाईलची रचना पूर्ण लिहून ठेवलेली आहे आणि कर्त्यांनी २०५० पर्यंत ती सांभाळायचा शब्द दिला आहे.

सीएसव्हीबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. त्याचं वर्णन आरएफसी ४१८० मध्ये आहे, २००५ सालचं. स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात, आणि मजकुरातलंच अवतरण दोनदा. पण ही फाईल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची प्रचलित पद्धत) मध्ये आहे हे फाईल स्वतः सांगत नाही. विंडोजवर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, आणि लोक म्हणतात की प्रोग्रॅमने डेटा खराब केला. सुरुवातीला बीओएम (ही पद्धत ओळखायची अदृश्य खूण) लिहिलं की हा प्रश्न बहुधा सुटतो. मग वाचणाऱ्या कोडला मात्र तो बीओएम गाळायला शिकवा, नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव जुळणार नाही.

मानक घेतलं म्हणजे गोंधळ संपला का?

नाही, मानक वाचावंही लागतं. जिओजेसनचं आरएफसी ७९४६ हे २०१६ सालचं, आणि त्यात आधी रेखांश, मग अक्षांश असा क्रम आहे. आपण बोलताना उलट बोलतो. मुंबई साधारण ७२.८ पूर्व आणि १९ उत्तर. क्रम उलटा लिहिलात तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. नकाशावर ही चूक लगेच दिसते. पैशांच्या किंवा वेळेच्या बाबतीतली अशीच चूक कित्येक महिने कुणाला दिसत नाही.

आमचं सगळं मानकात बसत नाही. मग?

बसतं तेवढं मानकात लिहा, उरलेलं मानकाने दिलेल्या विस्ताराच्या जागेत. ओडीएफमध्ये वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या स्वतंत्र गटात) जास्तीची माहिती ठेवता येते. आयकॅलेंडरमध्ये 'एक्स-' ने सुरू होणाऱ्या स्वतःच्या नोंदी चालतात. पायथॉनच्या पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फाईलमध्ये प्रत्येक साधनाला 'टूल' या तक्त्याखाली स्वतःची जागा आहे.

पायथॉनचा हा प्रवास मोठा आहे. पॅकेजचं नाव आणि आवृत्ती कळण्यासाठीसुद्धा सेटअप डॉट पीवाय ही फाईल चालवावी लागायची, म्हणजे नुसती माहिती वाचण्यासाठी अनोळखी कोड आपल्या मशीनवर चालवायचा. २०१६ मध्ये पेप ५१८ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलांचे क्रमांक दिलेले प्रस्ताव) ने पायप्रोजेक्ट डॉट टॉमल आणली, २०२० मध्ये पेप ६२१ ने नाव, आवृत्ती, अवलंबित पॅकेजेस वगैरे कशी लिहायची ते ठरवलं. पोएट्री या पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाने त्याआधीच 'टूल' खाली स्वतःची रचना केली होती आणि हजारो प्रकल्प तीच वापरत होते. जानेवारी २०२५ मध्ये पोएट्री २.० ने सर्वमान्य 'प्रोजेक्ट' तक्ता स्वीकारला, जुनी रचनाही वाचणं चालू ठेवलं. मार्च २०२५ मध्ये लॉक फाईलसाठी (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाईलसाठी) पेप ७५१ मंजूर झाला. एवढी वर्षं का लागली, असं वाटेल. वापरणारे इतके असताना घाई केली असती तर कित्येक प्रकल्पांचं बिल्ड तुटलं असतं.

दुसऱ्याने लिहिलेली, तुम्हाला न कळणारी नोंद सापडली तर ती जशीच्या तशी परत लिहा, पुसू नका. फाईल तुमच्या प्रोग्रॅममधून एकदा उघडून सेव्ह केली की दुसऱ्या प्रोग्रॅमची माहिती गायब होते, हा मानक वापरणाऱ्या प्रकल्पांमधला फार वाईट दोष आहे आणि तो सर्रास आढळतो.

बदलूच नये, असं कधी असतं का?

हो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा जिओजेसनमध्ये साठवत नाही, आणि ते बरोबर आहे. तिथे बिंदू हा स्वतंत्र घटक आहे. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे दोघांचा बिंदू एकच असतो, आणि तो सरकवला की दोन्ही रस्ते सरकतात. जिओजेसनमध्ये प्रत्येक आकार आपापले निर्देशांक बाळगतो. दोन रस्त्यांचे आकडे जुळले तरी ते खरोखर जोडलेले आहेत की नुसते एकमेकांवरून जातात, हे त्यात नोंदवता येत नाही. संपादनासाठी लागणारी नेमकी गोष्टच तिथे हरवते. म्हणून त्यांनी मूळ साठवण आपल्या रचनेत ठेवली, पण त्या रचनेचं पूर्ण कागदपत्र सगळ्यांसाठी ठेवलं, त्यांची पीबीएफ फाईल प्रोटोकॉल बफर्स या प्रचलित सांगाड्यावर बांधली, आणि जिओजेसनमध्ये रूपांतर करणारी भरपूर साधनं उपलब्ध आहेत.

दुसरं उदाहरण मोझिलाच्या फ्लुएंट या भाषांतराच्या फॉरमॅटचं. फायरफॉक्सचे संदेश भाषांतरित करायला प्रचलित पद्धती अपुऱ्या पडत होत्या. इंग्रजीत ज्या वाक्याला लिंग-वचनाचा प्रश्न नाही, त्याला मराठीत 'उघडला, उघडली, उघडलं' असे तीन पर्याय लागू शकतात, आणि हे ठरवायचा अधिकार भाषांतरकाराकडे असायला हवा, इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याकडे नाही. फ्लुएंटने तो दिला. तो अनुभव तिथेच राहिला नाही. फ्लुएंटवर काम केलेली माणसं युनिकोडच्या मेसेजफॉरमॅट २ या संदेशांच्या मानकाच्या कामातही होती, आणि २०२५ मध्ये सीएलडीआर ४७ (युनिकोडचा भाषा-प्रदेशांच्या माहितीचा संग्रह) सोबत ते पक्कं झालं. गरजेपोटी स्वतःचा फॉरमॅट केला आणि शिकलेलं मानकाकडे नेलं. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

'आम्हाला आमचाच आवडतो' हे मात्र कारण होत नाही.

लोकांच्या जुन्या फाईलींचं काय करायचं?

लिहिणं बंद करा, वाचणं बंद करू नका. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करणारा कोड काढून टाकल्याने कुणाचं फारसं बिघडत नाही, वाचणारा काढला की बिघडतं. लिब्रेऑफिसने फेब्रुवारी २०१३ च्या ४.० आवृत्तीत स्टारऑफिसच्या जुन्या बायनरी फाईली वाचणारा भाग काढला. कारण समजण्यासारखं होतं: तो अवाढव्य कोड सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. पण त्या फाईली लोकांकडे होत्याच. नंतर डॉक्युमेंट लिबरेशन या जुने फॉरमॅट वाचणाऱ्या प्रकल्पाच्या परिवारात लिबस्टारऑफिस नावाची वेगळी लायब्ररी लिहिली गेली आणि त्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये पुन्हा उघडू लागल्या. या दुसऱ्या रचनेत एक चांगली गोष्ट आहे, आणि ती मी सगळ्यांना सुचवतो: जुनं वाचणारा कोड मुख्य प्रोग्रॅममध्ये पसरलेला ठेवू नका. तो छोट्या, वेगळ्या लायब्ररीत काढा. तिचं काम एकच, जुनी फाईल घेऊन नव्या मानकातली फाईल द्यायची. अशी लायब्ररी वर्षानुवर्षं न शिवता चालते, आणि दुसऱ्या प्रकल्पांनाही वापरता येते.

प्रत्यक्ष काम कुठून सुरू करायचं?

जुन्या फॉरमॅटचं कागदपत्र लिहिण्यापासून. हे लोकांना उलटं वाटतं, कारण जे टाकायचं त्याचं वर्णन कशाला? पण ते लिहिल्याशिवाय आपला पार्सर काय काय खपवून घेतो हे कळत नाही. रिकामी ओळ आली तर, शेवटचा रकाना नसेल तर, विंडोजवरच्या ओळीचा शेवट असेल तर काय होतं, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

मग खऱ्या फाईली गोळा करा. वापरणाऱ्यांकडून परवानगी घेऊन, खाजगी मजकूर बदलून. स्वतः बनवलेल्या नमुना फाईली नेहमी शहाण्यासारख्या वागतात, लोकांच्या फाईली तशा वागत नाहीत. या फाईली टेस्टमध्ये घाला: जुनी वाचा, नव्यात लिहा, नवी परत वाचा, दोन्हींतून मेमरीत आलेली माहिती तंतोतंत जुळली पाहिजे.

त्यानंतर एक रिलीज अशी काढा, जी नवा फॉरमॅट वाचते पण लिहिते जुनाच. हा टप्पा बरेच जण गाळतात. एका कचेरीत दहा संगणक असतात, ते सगळे एकाच दिवशी अपडेट होत नाहीत. एकाने नव्यात सेव्ह केलं की बाकीच्या नऊ जणांची फाईल उघडत नाही. आधी सगळ्यांना वाचता येऊ द्या, मग पुढच्या रिलीजला लिहिणं बदला.

पहिल्या रूपांतराच्या वेळी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा आणि ती कुठे ठेवली हे वापरणाऱ्याला सांगा. नवी फाईल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मग नाव बदला. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाईल मागे राहता कामा नये. फॉरमॅटची आवृत्ती फाईलमध्येच लिहा. एसक्यूलाईटमध्ये त्यासाठी 'यूजर व्हर्जन' ही जागा तयारच आहे. आणि कीज ठरावीक क्रमाने लिहा, म्हणजे गिटमध्ये एक शब्द बदलला तर डिफही एकाच ओळीचा दिसेल.

सगळं एकदम बदलायचं की थोडं थोडं?

लिनक्स कर्नलने लायसन्सच्या बाबतीत जे केलं ते बघा. कर्नलच्या फाईलींच्या डोक्यावर लायसन्सचे परिच्छेद होते. अर्थ बहुधा एकच, पण शब्द, विरामचिन्हं, जुने पत्ते, टायपिंगच्या चुका यामुळे असंख्य नमुने, आणि हजारो फाईलींवर तर काहीच नाही. नोव्हेंबर २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत आधी ज्या फाईलींवर लायसन्सचा उल्लेखच नव्हता त्यांना एसपीडीएक्सची एक ओळ लावली गेली. लांब परिच्छेदांना हात लागला तो २०१९ मध्ये. तेव्हाही सरसकट नाही: सारख्या मजकुराचा एक गट, त्याला एक नियम क्रमांक, त्याची वेगळी कमिट, आणि प्रत्येक गट माणसांनी तपासलेला. हे क्रमांक शेकड्यांत गेले. इतकी खबरदारी कायदेशीर अर्थ बदलू नये म्हणून. पुढे २०२१ मध्ये एसपीडीएक्स आयएसओ ५९६२ झाला.

यातून घेण्यासारखं असं: ज्यावर कुणाचा आक्षेप असूच शकत नाही तिथून सुरुवात, एका कमिटमध्ये एकाच तऱ्हेचा बदल, आणि यांत्रिक बदलासोबत दुसरी कसलीही दुरुस्ती नाही. छोट्या प्रकल्पात हे सगळं आठवड्याभरात होईल, पण क्रम हाच ठेवा.

मी मेंटेनर नाही. प्रस्ताव कसा मांडू?

थेट मोठी पुल रिक्वेस्ट टाकू नका. आधी इश्यू उघडा आणि त्यात एका खऱ्या वापरणाऱ्याची अडचण लिहा: 'मला माझ्या नोंदी अमुक प्रोग्रॅममध्ये न्यायच्या आहेत, नेता येत नाहीत.' 'हे मानकाला धरून नाही' एवढ्या वाक्याने कुणाचं मन वळत नाही. मग फक्त एक्स्पोर्टची सोय पाठवा. ती कुणाचं काही मोडत नाही, त्यामुळे स्वीकारली जाण्याची शक्यता चांगली. लोक वापरू लागले की इम्पोर्ट, आणि त्यानंतरच मूळ फॉरमॅट बदलायची चर्चा. ज्याने तो जुना फॉरमॅट लिहिला त्याच्याबद्दल आदराने लिहा. त्याने लिहिला तेव्हा कदाचित ते मानक अस्तित्वातही नव्हतं.

आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या कोडच्या तक्रारी मी बघेन, असं तुम्ही म्हणू शकत असाल तर ते स्पष्ट लिहा. मेंटेनरला खरी भीती त्याचीच असते.

सुरक्षेचं काय?

पायथॉनचं पिकल वापरून साठवत असाल तर आजच थांबा. पिकल फाईल उघडताना तिच्यातला कोड चालू शकतो, म्हणजे अनोळखी माणसाची फाईल उघडणं धोक्याचं. एक्सएमएलच्या पार्सरमध्ये बाहेरच्या एंटिटीज (दुसरीकडचा मजकूर ओढून आणणारे संदर्भ) बंद ठेवा. झिप उघडताना आतल्या नावांमध्ये वरच्या फोल्डरकडे जाणारा मार्ग नाही ना, हे तपासा. प्रचलित मानकाचा फायदा असा की त्याचे धोके आधीच माहीत असतात आणि चांगल्या लायब्रऱ्यांनी त्यावर उपाय केलेले असतात. तुमच्या हातच्या पार्सरचे धोके तुम्हालाच शोधावे लागतील.

आमचा फॉरमॅट खरंच चांगला आहे. त्यालाच मानक करता येईल का?

येईल, आणि झालेलंही आहे. फ्लॅक हा ऑडिओ फॉरमॅट २००१ मध्ये एका ओपन सोर्स प्रकल्पातून आला. जगभर वापरला गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने तो आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध केला. व्हिडिओचा मात्रोस्का त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये आरएफसी ९५५९ झाला. दोन्हींचं काम सेलर नावाच्या एकाच कार्यगटात झालं. तोवर दोन्ही फॉरमॅट कित्येक स्वतंत्र प्रोग्रॅमनी राबवलेले होते, हे विसरू नका.

म्हणून सुरुवात समितीकडे जाऊन करू नका. फॉरमॅटचं वर्णन कोडपासून वेगळं, स्वतंत्र लायसन्सखाली लिहा. सोबत चाचणीच्या फाईली ठेवा, बरोबर असलेल्या आणि मुद्दाम बिघडवलेल्या, दोन्ही. मग प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी, शक्यतो वेगळ्या भाषेत, फक्त ते वर्णन वाचून पार्सर लिहायला सांगा. त्याला तुमच्या कोडमध्ये डोकवावं लागलं, तर जिथे लागलं तिथे वर्णन अपुरं आहे. ती जागा दुरुस्त करा आणि पुढच्या माणसाला द्या.